स्वभावाला औषध नाहीं?

आपल्या घरांतून दिवसाकांठीं एकदां तरी उच्चारलीं जाणारीं जीं कांहीं वाक्यें आहेत, त्यांत ‘स्वभावाला औषध नाहीं’ या वाक्याचा क्रमांक बराच वरचा लागेल. सासरे तापट असले, कीं सुनेची समजूत घालण्यासाठीं तें म्हटलें जातें. मुलगा अबोल असला, कीं पाहुण्यांपुढें त्याची आई तेंच म्हणते. आणि घरांतील एखादी जाऊ महिना महिना उदास बसून राहिली, अन्नावरची तिची वासना उडाली, रात्रीची झोप नाहींशी झाली, तरी वडील मंडळी एक सुस्कारा सोडून पुन्हां तेंच वाक्य उच्चारतात. वास्तविक या तीन गोष्टी अगदीं निरनिराळ्या आहेत. सासऱ्यांचा तापटपणा आवरतां येण्यासारखा आहे; मुलाचा अबोलपणा आवरण्याचें कारणच नाहीं; आणि जावेची उदासीनता हा मुळीं स्वभाव नसून तो आजार आहे. परंतु म्हणीच्या एका फटकाऱ्यासरशीं तिघांचाही निकाल लागतो आणि घर आपल्या उद्योगाला लागतें.

म्हण सर्वस्वी खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाचा अर्क तींत उतरलेला असतो. तथापि अर्क कितीही जुना असला तरी तो कोणत्या रोग्याला किती द्यावा याचा विचार ज्याचा त्यानेंच करावयाचा असतो. या म्हणींत सत्याचा अंश किती आणि तिच्या आडून आपण घरांतल्या माणसांवर नकळत अन्याय करतों तो किती, हें निवडून पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचा जन्म मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेला. त्यामुळें कोणताही विषय हातीं आला, कीं प्रथम शब्दाची फोड करून पाहण्याची खोड लागली आहे. ती सुज्ञ वाचकांनीं सोसून घ्यावी. ‘प्रकृति’ म्हणजे जी आधींचीच आहे ती. आपण स्वतः कांहीं करूं लागण्यापूर्वीं जी घडण आपणांस मिळालेली असते, ती. ‘शील’ हा शब्द याहून निराळ्या घराण्यांतला आहे. ‘शीलयति’ म्हणजे पुन्हां पुन्हां करतो, सराव ठेवतो. ‘परिशीलन’ आणि ‘अनुशीलन’ हे शब्द आपण नेहमीं वापरतों, ते याच कुळांतले. म्हणजे प्रकृति मिळते आणि शील अभ्यासानें अंगीं मुरवावें लागतें, हा भेद शब्दांतच बसविलेला आहे. मराठींत बोलतांना मात्र आपण दोहोंसाठीं ‘स्वभाव’ हा एकच शब्द वापरतों, आणि पुढच्या सर्व घोटाळ्याचें मूळ तेथेंच आहे.

माणसांच्या प्रकृति उपजतच भिन्न असतात ही गोष्ट आपल्या पूर्वजांना पुरती ठाऊक होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत मनाच्या घडणीचे सोळा प्रकार सांगितले आहेत. सात सात्त्विक, सहा राजस आणि तीन तामस. ग्रीक वैद्यकांत चार रसांची कल्पना होती. रक्त, कफ, पिवळें पित्त व काळें पित्त यांपैकीं ज्याचें प्राबल्य असेल त्याप्रमाणें माणूस उल्हासी, मंद, तापट किंवा विषण्ण होतो, असें दुसऱ्या शतकांतील गॅलेन व त्याचे अनुयायी मानीत. रसांची ती उपपत्ति आतां मागें पडली. परंतु घडण उपजत असते हें निरीक्षण टिकलें. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत तर लागोपाठच्या दोन श्लोकांत या विषयाच्या दोन्ही बाजू आल्या आहेत. ज्ञानी मनुष्यही आपल्या प्रकृतीला धरूनच वागतो, तेथें निग्रहाचें कांहीं चालत नाहीं, असा पहिल्याचा आशय आहे. आणि राग-द्वेषांच्या ताब्यांत मात्र जाऊं नये, असा दुसऱ्याचा. पहिला श्लोक आम्हीं पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे. दुसऱ्याची आठवण सहसा कोणाला होत नाहीं.

आतां अलीकडच्या शास्त्रज्ञांनीं काय पाहिलें तें सांगतों. अमेरिकेंत न्यूयॉर्क येथें अलेक्झांडर टॉमस आणि स्टेला चेस या मनोवैद्य पतिपत्नींनीं १९५६ सालीं शंभरावर तान्ह्या मुलांची पाहणी सुरू केली आणि तीं मोठीं होईपर्यंत ती चालू ठेविली. मूल किती चळवळ करतें, त्याच्या झोपेची व भुकेची वेळ नियमित असते कीं नाहीं, नवा माणूस दिसतांच तें पुढें झेपावतें कीं आईच्या पदराआड दडतें, अशा नऊ अंगांनीं त्यांनीं मुलांच्या प्रकृति टिपल्या. शंभरांत सुमारें चाळीस मुलें सांभाळावयास सोपीं, दहा कठीण आणि पंधरा हळूहळू रुळणारीं अशीं निघालीं, बाकीचीं मिश्र. त्या काळीं मूल किरकिरें झालें कीं दोष आईच्या पदरीं घालण्याची पद्धति तिकडेही होती. एकाच आईचीं दोन मुलें पाळण्यापासूनच कशीं भिन्न असतात हें या पाहणीनें दाखविलें आणि पुष्कळ आयांच्या डोक्यावरचा एक भार उतरला.

हार्वर्ड विद्यापीठांतील जेरोम केगन यांनीं चार महिन्यांच्या बाळांपुढें नवीं खेळणीं हालविलीं, अनोळखी आवाज ऐकविले आणि उग्र वासाचा बोळा नाकाजवळ धरला. शेंकडा सुमारें वीस बाळें हातपाय झाडून रडूं लागलीं. सुमारें चाळीस स्वस्थ राहिलीं. हीं मुलें वयांत येईपर्यंत केगन यांनीं त्यांचा माग ठेविला. पहिल्या वर्गांतलीं मुलें पुढें बुजरीं व जपून वागणारीं होण्याचा संभव अधिक दिसला. अत्यंत धीट अशीं त्यांतून थोडींच निघालीं. पण म्हणून तीं सगळीं भित्रीं किंवा दुखणाईत झालीं असेंही नाहीं. पुष्कळ जणांनीं आपली धास्ती ओळखून तिच्यासह जगण्याची रीत शोधून काढली. म्हणजे आपली म्हण निम्मी खरी ठरली. प्रकृतीचा पीळ सुटत नाहीं, परंतु त्या सुताचें काय विणावयाचें हें पाळण्यांत ठरत नाहीं.

टॉमस व चेस यांचा याहून महत्त्वाचा सिद्धान्त पुढेंच आहे. मुलाचें मन निरोगी वाढेल कीं नाहीं, हें एकट्या प्रकृतीवरून कळत नाहीं. ती प्रकृति आणि भोंवतालच्या माणसांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो कीं नाहीं, यावर तें अवलंबून असतें, असें त्यांना आढळलें. न्यूयॉर्कमधील प्वेर्तो रिकोहून आलेल्या कामकरी कुटुंबांत मूल केव्हांही झोपलें नि केव्हांही उठलें तरी कोणाला त्याचें कांहीं वाटत नसे. त्यामुळें झोपेचा अनियमितपणा ही तेथें अडचणच नव्हती. शाळेची घंटा सुरू झाल्यावर ती अडचण झाली. केनियांतील मसाई लोकांत १९७४ सालच्या दुष्काळाच्या सुमारास एका संशोधकानें सोपीं व कठीण अशीं कांहीं तान्हीं मुलें टिपून ठेविलीं होतीं. पुढें त्यानें पुन्हां तपास केला तेव्हां सोप्या मुलांपैकीं बहुतेक दगावलेलीं आणि कठीण मुलांपैकीं बहुतेक जगलेलीं आढळलीं. संख्या अगदीं थोडी होती, तेव्हां त्यावरून नियम बांधणें योग्य नव्हे. तरी जें मूल रडून आकांत करतें त्याला दुष्काळांत आधीं दूध मिळत असावें, हा तर्क सहज पटण्यासारखा आहे. आपण ज्याला दुर्गुण म्हणतों तोच निराळ्या परिस्थितींत जीव वांचवितो, इतकें तरी यांतून घ्यावें.

ही दृष्टि घेऊन आपल्या एकत्र कुटुंबांकडे पाहावें. एका छपराखालीं तीन पिढ्या नांदत असतात. तेथें एकच प्रकृति ही सर्वांना मोजण्याची पायली ठरते आणि ती बहुधा घरांतील कर्त्या पुरुषाची असते. कर्ता बोलका असेल तर अबोल नातू ‘घुम्या’ ठरतो. कर्ता शांत असेल तर चळवळ्या नातू ‘व्रात्य’ ठरतो. गणपतीच्या दिवसांत बैठक भरली, कीं बुजऱ्या मुलाला पुढें ढकलून ‘म्हण रे ते अथर्वशीर्ष पाहुण्यांपुढें’ असा आग्रह होतो. मुलाला अथर्वशीर्ष येत असतें. येत नसतें तें चाळीस माणसांपुढें उभें राहणें. तो रडूं लागला म्हणजे आई शरमेनें मान खालीं घालते, आणि ‘आपण इतरांहून कांहींतरी उणे आहों’ हा धडा मुलगा अथर्वशीर्षाहून पक्का पाठ करतो. त्याच घरांत एखादी आत्या अशी असते, कीं ती त्याला माजघरांत घेऊन बसते, आधीं एकटी ऐकते, मग आजीला बोलावते, आणि पुढच्या वर्षीं तोच मुलगा पांचसात जणांपुढें म्हणून दाखवितो. मेळ घालणें म्हणतात तें हेंच. अशी आत्या जवळ असणें हें एकत्र कुटुंबाचें मोठें भाग्य आहे. मुलाशीं आईबापांची प्रकृति जुळली नाहीं तरी घरांत कोणाची तरी जुळते.

येथवर प्रकृतीचें झालें. शीलाकडे वळतांना सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांतले मनोवैद्य रॉबर्ट क्लोनिंजर यांचें नांव घेतलें पाहिजे. त्यांनीं १९८७ सालीं प्रकृतीचीं तीन अंगें मांडलीं आणि १९९३ सालीं सहकाऱ्यांसह त्यांत भर घालून प्रकृतीचीं चार व शीलाचीं तीन अशीं सात अंगें केलीं. प्रकृतीचीं चार अंगें आपल्या प्रत्येकाच्या घरांत हिंडतांना दिसतील. नव्याची ओढ असलेले काका दर दोन वर्षांनीं नवा धंदा काढतात. अपायाची धास्ती बाळगणारी आजी निजण्यापूर्वीं गॅसची कळ तीनदां पाहून येते. जिव्हाळ्याची भूक मोठी असलेल्या मावशीला फोन यावयास चार दिवस उशीर झाला कीं डोळ्यांत पाणी येतें. आणि चिकाटीचे भाऊसाहेब हिशेबांत एक रुपया चुकला तर मध्यरात्रीपर्यंत वही सोडीत नाहींत. यांतील एकही अंग सद्गुण नाहीं आणि दुर्गुणही नाहीं. काकांच्या ओढीनें घर एकदां बुडूं शकतें आणि एकदां तरूंही शकतें. आजीच्या धास्तीनें सर्वांना वैताग येतो, पण ज्या रात्रीं कळ खरोखरच उघडी राहिली त्या रात्रीं सारें घर तिच्यामुळेंच वांचतें.

शीलाच्या तीन अंगांना आम्ही आपल्या समजुतीपुरतीं आत्मशासन, सहकार आणि आत्मातीत वृत्ति अशीं नांवें देतों. आपल्या वागण्याची जबाबदारी आपल्या शिरावर घेणें, जगण्याला कांहीं हेतु असणें, अडचणींतून वाट काढतां येणें आणि आपल्या उणिवांसह आपला स्वीकार करणें, हें आत्मशासन. दुसऱ्याचें मन जाणणें, क्षमा व साहाय्य करणें, हा सहकार. आणि आपल्याहून मोठ्या अशा कशांत तरी, मग तो ईश्वर असो, निसर्ग असो वा संगीत असो, स्वतःला विसरतां येणें ही आत्मातीत वृत्ति. ज्यांना आपण ‘विक्षिप्त’ किंवा ‘कोणाशींच न पटणारे’ म्हणतों, त्यांतील ज्यांची ती स्थिति विकाराच्या पायरीला पोंचलेली असते, त्यांच्या प्रकृति नाना प्रकारच्या असतात. परंतु आत्मशासनाचा व सहकाराचा तुटवडा त्यांत सामान्यपणें आढळतो, असें क्लोनिंजर यांस दिसलें. इस्राएलमधील प्रौढांची एक पाहणी २०११ सालीं प्रसिद्ध झाली. तींत आरोग्य व समाधान यांच्याशीं सर्वांत घट्ट नातें आत्मशासनाचें निघालें. आपुलकीच्या माणसांचा आधार सहकारी वृत्तीच्या लोकांना अधिक लाभलेला दिसला. आणि आनंदाच्या भावना आत्मातीत वृत्तीबरोबर वाढलेल्या आढळल्या. प्रकृति पूर्ण उपजत आणि शील पूर्ण कमावलेलें, असा काटेकोर विभाग मात्र करतां येत नाहीं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत शीलाच्या अंगांतही आनुवंशाचा वाटा आढळला आहे. आम्हांस त्याचें नवल वाटत नाहीं. बी वडिलोपार्जित असलें तरी मशागत करावी लागतेच.

ज्याची प्रकृति भित्री त्याच्या हातून मोठें कांहीं होणार नाहीं, ही समजूत किती पोकळ आहे हें पाहावयाचें असेल तर महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें चरित्र पाहावें. ते अत्यंत लाजाळू व संकोची होते, हें त्यांनीं स्वतःच आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. विद्यार्थिदशेंत मुरूडहून सह्याद्रि ओलांडून ते परीक्षेसाठीं साताऱ्यास पायीं गेले, आणि वयानें फार लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूं दिलें नाहीं. सभा गाजविणारें वक्तृत्व त्यांच्याजवळ नव्हतें. अशा माणसानें १८९३ सालीं विधवेशीं विवाह केला, गांवाचा बहिष्कार सोसला, १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ उभें केलें. ज्याला चार माणसांत तोंड उघडण्याचा संकोच, त्यानें वर्गणीसाठीं दारोदार हिंडावें, यांत प्रकृति बदलली नव्हती. तिला न बदलतां तिच्यावर शीलाची सत्ता चालली होती. १९५८ सालीं त्यांना भारतरत्न मिळालें आणि १९६२ सालीं वयाच्या एकशेंचौथ्या वर्षानंतर ते निवर्तले. घरांत ‘हा लाजाळू आहे, याचें कसें होणार’ अशी काळजी ज्यांना लागली असेल त्यांनीं हें चरित्र मुलापेक्षां आधीं स्वतः वाचावें.

आतां आमच्या मनांतील मुख्य गोष्ट सांगतों. आपल्या सुशिक्षित घरांत प्रकृतीलाच शील समजण्याची एक चूक सर्रास होते, आणि ती बहुधा शांत माणसाच्या बाबतींत होते. चळवळ्या मुलाच्या खोड्या डोळ्यांवर येतात, म्हणून त्याला बोलणीं बसतात आणि त्या निमित्तानें का होईना, त्याच्याकडे लक्ष जातें. मुकाट बसणारा मुलगा ‘किती गुणी’ म्हणून सोडून दिला जातो. आमच्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी असाच होता. त्याची वही मोत्यांच्या ओळींसारखी. वर्गांत त्याचा आवाज कधीं कोणीं ऐकला नाहीं. घरचे व दारचे सगळेच त्याचें उदाहरण इतरांपुढें ठेवीत. पुढें संसारी झाल्यावर एकदां भेटावयास आला असतां तो म्हणाला, “सर, शाळेच्या सगळ्या वर्षांत रोज सकाळीं माझ्या पोटांत गोळा उठत असे. पण मी शहाणा मुलगा ठरलों होतों ना! शहाण्या मुलानें हें सांगावयाचें तरी कोणाला?” कौतुकाचें कुलूप लावून आपण एखाद्याचें तोंड कसें बंद करतों, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

हीच गोष्ट घरांतील सोशिक बाईची. जी उलट उत्तर देत नाहीं, कांहीं मागत नाहीं, सर्वांचें झाल्यावर उरलेलें पानांत वाढून घेते, तिला आपण सुशील म्हणतों. ती खरोखर सुशील असेलही. परंतु तिचें मौन हें शीलाचें आहे कीं धास्तीचें, हें आपण कधीं तपासून पाहिलें आहे काय? शीलांत निवड असते. ज्याला ‘नाहीं’ म्हणतां येतें त्याच्याच ‘होय’ला शीलाचें मोल येतें. नुसता आज्ञाधारकपणा म्हणजे शील नव्हे. आमच्या मतें एकत्र कुटुंबाच्या व्यवस्थेंतील कच्चा दुवा येथेंच आहे. सहकाराची शाळा म्हणून तिच्या तोडीची दुसरी संस्था नाहीं. पण आत्मशासनाची तींत उपासमार होऊं शकते. मुलानें कोणती शाखा घ्यावी, सुनेनें माहेरीं केव्हां जावें, निवृत्त झालेल्या धाकट्या भावानें आपला पैसा कोठें ठेवावा, हें सारें जर एकाच माणसानें ठरवावयाचें, तर बाकीच्यांचें आत्मशासन वाढणार कोठून? पंचविशीपर्यंत ज्यानें स्वतः एकही निर्णय घेतला नाहीं, त्याला परगांवीं किंवा परदेशीं नोकरीच्या ठिकाणीं पहिलाच निर्णय एकट्यानें घ्यावा लागला म्हणजे तो गडबडून जातो, आणि आपण म्हणतों, “मुळांत स्वभावच हळवा!”

यावर उपाय अवघड नाहींत. शील सरावानें येतें, म्हणून सराव करण्याची संधि दिली पाहिजे. दहा वर्षांच्या मुलाकडे आठवड्याच्या भाजीचा हिशेब द्यावा, आणि चूक झाली तर ती त्यालाच निस्तरूं द्यावी. वही घरीं विसरली म्हणून आजोबांनीं ती घेऊन शाळेकडे धांवूं नये. सहलीचा बेत एका वर्षीं मुलींनीं करावा, एका वर्षीं सुनांनीं. ‘रडूं नको’ म्हणण्याऐवजीं ‘भीति वाटली का?’ असें विचारावें. जी गोष्ट नांवानें हाक मारण्याजोगी होते ती निम्मी आटोक्यांत येते. तापट वडिलांनीं राग आला कीं अंगणांत चार फेऱ्या घालाव्या, आणि शब्द जाऊन चुकला असेल तर धाकट्यांपुढेंही ‘माझें चुकलें’ म्हणावें. त्यांच्या प्रकृतीचा तापटपणा त्यानें जाणार नाहीं. पण राग येणें ही प्रकृति आणि रागावर काय करावयाचें तें ठरविणें हें शील, हा पाठ घरांतील मुलांना पुस्तकावांचून मिळेल. पूजा, कीर्तन, गायन, वाचन यांनीं आत्मातीत वृत्तीची जोपासना आपल्या घरांतून होतच असते. मात्र आत्मशासनाची जोड नसेल तर तीच वृत्ति भाबडेपणाकडे झुकते आणि मग कोणीही बुवा येऊन घराचा ताबा घेऊं शकतो.

शेवटीं तिसऱ्या गोष्टीकडे येतों. ती आहे आजार. धास्तीची प्रकृति असणारांस चिंतेचे व विषादाचे विकार जडण्याचा धोका कांहींसा अधिक असतो आणि दृढ आत्मशासन असणारांस कमी, हें खरें. परंतु धोका कमी म्हणजे अभय नव्हे. धीट, उद्योगी, सुशील माणसालाही विषाद गांठतो, जसा व्यायामपटूलाही विषमज्वर गांठतो. येथें ओळखण्याची एक सोपी खूण आहे आणि ती आपल्या म्हणींतूनच निघते. स्वभाव सहसा बदलत नाहीं हें जर खरें, तर एखाद्याचा ‘स्वभाव’ चारसहा आठवड्यांत बदललेला दिसला कीं समजावें, हा स्वभाव नव्हे. बोलकी वहिनी गप्प झाली, टापटिपीचे काका दाढी करीनासे झाले, वाचनाचें वेड असलेल्या आजोबांनीं वर्तमानपत्राची घडीही मोडली नाहीं, झोप व भूक गेली, ‘माझा कोणाला उपयोग नाहीं’ असे शब्द येऊं लागले, आणि हें पंधरा दिवसांहून अधिक काळ रोजचें झालें, तर वैद्याकडे जाण्याची वेळ आली आहे.

अशा वेळीं वडील मंडळी उपदेश करूं लागतात. ‘मन घट्ट कर’, ‘नामस्मरण कर’, ‘आम्हीं याहून किती सोसलें’. त्यांचा हेतु चांगला असतो यांत शंका नाहीं. पण विषादाच्या दुखण्यांत आत्मशासनाचीं मापेंही खालीं येतात आणि दुखणें ओसरल्यावर पुन्हां वर येतात, असें आढळलेलें आहे. म्हणजे ज्या शक्तीनें उपदेश आचरणांत आणावयाचा तीच शक्ति आजारानें तेवढ्यापुरती पांगळी केलेली असते. मोडक्या पायाच्या माणसाला चालण्याचे फायदे सांगण्यासारखें तें आहे. आधीं पाय बसवावा, मग चालवावें. चरकानें मनाच्या दोषांवर ज्ञान, धैर्य, स्मृति, समाधि हे उपाय सांगितले आहेत; पण त्याच ग्रंथांत उन्मादासाठीं औषधयोजनाही दिली आहे, हें विसरतां कामा नये. हल्लींच्या औषधांचा गुण दिसावयास कांहीं आठवडे लागतात, तेव्हां चार गोळ्यांनंतर ‘उपयोग नाहीं’ म्हणून तीं सोडूं नयेत. आणि बरें वाटूं लागलें म्हणून डॉक्टरांस न विचारतां बंदही करूं नयेत. औषधाबरोबर संभाषणोपचारही पुष्कळांना गुणकारी ठरतात.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणींत शेंकडा १०.६ प्रौढांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचें दिसलें. आणि निरनिराळ्या विकारांत शेंकडा ७० पासून ९२ पर्यंत रोगी उपचारावांचून राहिलेले आढळले. पंधरावीस माणसांच्या घरांत यांपैकीं एखादें माणूस असणें मुळींच अशक्य नाहीं. या उपेक्षेचें एक कारण पैसा व डॉक्टरांची टंचाई. दुसरें कारण लाज. ‘येरवड्याला पाठवा’ ही थट्टा ज्या पानावर होते, त्याच पानावर बसलेलें आजारी माणूस आपलें दुखणें गिळून टाकतें. २०१७ सालचा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून अमलांत आला. त्यानें उपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे, आणि जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखालीं होता असेंच गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजीं साहाय्य देण्याचें ठरविलें आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनि-सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठींतूनही बोलतां येतें. हा क्रमांक घरांत सर्वांना दिसेल अशा ठिकाणीं, गॅसवाल्याच्या व दूधवाल्याच्या क्रमांकाशेजारीं, लिहून ठेवावा. तो तेथें दिसणें हेंच आजारी माणसाला सांगतें, कीं या घरांत या दुखण्याची लाज नाहीं.

तेव्हां ‘स्वभावाला औषध नाहीं’ ही म्हण टाकून द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. ती जपून वापरावी. प्रकृतीला औषध नाहीं, कारण ती रोगच नव्हे. तिच्याशीं मेळ घालावा. शीलाला औषध नाहीं, कारण तें सरावानेंच येतें. त्याला वाव द्यावा. आणि आजाराला औषध आहे. तें वेळेवर द्यावें. पुढच्या खेपेस ही म्हण ओठांवर आली, कीं क्षणभर थांबून आपण यांपैकीं कोणत्या गोष्टीविषयीं बोलत आहों एवढें मनाशीं ठरवावें. तेवढ्या क्षणांत घरांतल्या एखाद्या गप्प माणसाकडे आपली नजर वळली, तर त्याच्याजवळ जाऊन बसावें आणि त्याला बोलूं द्यावें.